दरडोई कलेजी-वजडी: छोट्या बेटाचा हिशेब कसा मांडतात

जगभरच्या खाण्यापिण्याच्या तक्त्यांत एक रकाना सहसा कुणाच्या नजरेत भरत नाही: अवयवमांस, दरडोई, वर्षाला इतके किलो. मोठ्या देशांपुढचा आकडा वाचून आपण पुढे जातो. यादीत खाली मॉरिशस, मालदीव, सामोआ, तुवालू अशी नावे लागतात. तिथला आकडा वर्षभरात एकदम चढलेला किंवा उतरलेला दिसला, की प्रश्न पडतो: लोकांचे खाणे बदलले की नुसता हिशेब?

छोट्या बेटाच्या बाबतीत आधी हिशेबावरच संशय घ्यावा. हा आकडा कुणाच्या ताटात मोजलेला नसतो. तो बेरीज-वजाबाकी करून शेवटी उरलेला असतो. महिन्याच्या सुरुवातीला डब्यात किती तेल होते, मध्ये किती आणले आणि शेवटी किती उरले यावरून घरात किती लागले हे आपण काढतो, तसाच. तो कसा तयार होतो आणि कुठे फसतो, हे आता पायरीपायरीने पाहू.

उदाहरणाला मुख्यतः मॉरिशस घेऊ. कोकणातून करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथे आजही आहेत, म्हणून नाव ओळखीचे. खरे कारण मात्र वेगळे: स्वतःची कत्तल, मोठी आयात, पर्यटक, गजबजलेले बंदर आणि देशातच मोडणारे दुसरे बेट असा सगळा गुंता या एका देशात सापडतो.

पायरी १ : यादीत काय धरायचे ते ठरवा

अवयवमांस म्हणजे जनावर कापल्यावर सोललेल्या, साफ केलेल्या धडाबाहेर उरणारा, पण खाण्याजोगा भाग. कलेजी, गुर्दा, दिल, भेजा, जीभ, तिल्ली, वजडी, मुंडी, पाय आणि शेपटी हे सगळे यात येते. धडाच्या वजनाला कत्तल-वजन म्हणतात. 'मांस' या रकान्यात ते जाते, 'अवयवमांस' या रकान्यात उरलेला खाद्य भाग जातो.

पहिली गफलत इथेच होते. स्वस्त आणि चरबीचा तुकडा म्हणजे अवयवमांस, असा आपला समज होतो. पॅसिफिक बेटांवर न्यूझीलंडहून येणारे मेंढीच्या पोटाकडचे चरबीचे तुकडे खूप चर्चेत होते आणि फिजीने २००० मध्ये त्यांवर बंदी घातली. आरोग्याच्या चर्चेत ते अवयवमांसाच्या शेजारी बसतात. हिशेबात मात्र ते साधे मेंढीचे मांस आहे.

दुसरी गफलत रक्ताची. आपल्याकडे रक्ती आवडीने खाल्ली जाते आणि अनेक देशांत रक्ताचे सॉसेज करतात. पण आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या वर्गवारीत रक्त मांसाच्या प्रकरणातच येत नाही, त्याची नोंद दुसरीकडे होते. म्हणून यादी आधी लिहून काढावी आणि हिशेब संपेपर्यंत बदलू नये.

पायरी २ : देशात किती तयार झाले ते काढा

कलेजी किती टन निघाली याची वही बहुतेक देशांत कुणी ठेवत नाही. कत्तलखान्यात जनावरांची संख्या लिहिली जाते, फार तर धडाचे वजन. त्यामुळे अवयवमांस अंदाजाने काढावे लागते: कापलेली जनावरे गुणिले एका जनावरामागे निघणारे सरासरी अवयवमांस. या सरासरीला रूपांतर-गुणांक म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेकडे, म्हणजे एफएओकडे, देशवार असे गुणांक आहेत.

इथे एक काल्पनिक बेट सोबत घेऊ, म्हणजे आकडेमोड डोळ्यांसमोर राहील. लोकसंख्या एक लाख. वर्षात २,००० गुरे कापली, प्रत्येकी ३० किलो अवयवमांस, म्हणजे ६० टन. ५,००० शेळ्या-मेंढ्या, प्रत्येकी ४ किलो, म्हणजे २० टन. ४,००० डुकरे, प्रत्येकी १० किलो, म्हणजे ४० टन. एकूण १२० टन. हे सगळे आकडे फक्त रीत समजण्यासाठी आहेत.

गुणांक बाहेरचा असेल तर सावध राहावे. दुसऱ्या देशातल्या धिप्पाड गुरांवरून काढलेला गुणांक बेटावरच्या लहान चणीच्या जनावरांना लावला, की आकडा फुगतो. शिवाय एखाद्या ठिकाणी फुप्फुस, आतडी टाकून देत असतील तर तेवढे कमी धरावे लागते.

आता मॉरिशस. पोर्ट लुईजवळ रोश-ब्वा इथे मॉरिशस मीट ऑथॉरिटीचा मध्यवर्ती कत्तलखाना आहे. तिथे कापली जाणारी सगळी गुरे देशात वाढलेली नसतात. दक्षिण आफ्रिकेसारख्या देशांतून जिवंत गुरे जहाजाने येतात. एफएओच्या पद्धतीत जनावर कुठे जन्मले याला महत्त्व नाही, ते कुठे कापले हे पाहिले जाते. म्हणून त्या गुरांची कलेजी मॉरिशसचे 'उत्पादन' ठरते. तीच गुरे पुढे आयातीतही धरली, तर एकच कलेजी दोनदा मोजली जाते.

रॉड्रिग्ज बेटाचेही तसेच. ते मॉरिशसपासून साडेपाचशेहून अधिक किलोमीटर दूर आहे, पण त्याच प्रजासत्ताकाचा भाग आहे. तिथून मुख्य बेटावर येणाऱ्या शेळ्या आणि गुरे ही आयात नव्हे. काही तक्ते फक्त मुख्य बेटाचे असतात, काही पूर्ण प्रजासत्ताकाचे. कत्तल एका तक्त्यातून आणि लोकसंख्या दुसऱ्यातून घेतली, तर पुढचे सगळे गणित चुकते.

घरगुती आणि सणावारी होणारी कत्तलही निसटू शकते. कत्तलखान्याच्या वहीत बकरी ईदची सगळी कुर्बानी असेलच असे नाही. परसातले डुकरू किंवा कोंबडी तर नसतेच. चांगले आकडेवारीकार यासाठी वेगळा अंदाज जोडतात. तो जोडला आहे का, ते तळटीपेत पाहावे.

उलट बाजूही असते. कळप घटला म्हणजे तेवढी जनावरे खाल्ली गेली असे नाही. २००७ मध्ये मॉरिशसमध्ये डुकरांना आफ्रिकन स्वाइन फीव्हर झाला. २०१६ मध्ये रॉड्रिग्ज आणि मग मॉरिशसमध्ये गुरांना लाळ्या-खुरकूत झाली. अशा साथीत मारून पुरलेली जनावरे गोठ्यातून कमी होतात, पण ताटात येत नाहीत. गोठ्यातल्या घटीवरून कत्तल काढणारा इथे हमखास चुकतो.

पायरी ३ : आयात शोधा

बेटाच्या हिशेबात बहुधा हीच सर्वांत मोठी बाजू. व्यापारी मालाला जगभर एकसारखे आकडी संकेत दिलेले असतात, त्यांना एचएस कोड म्हणतात. गुरे, डुकरे, शेळ्या-मेंढ्या यांचे ताजे, थंड किंवा गोठवलेले अवयवमांस ०२०६ या कोडखाली असते. जीभ आणि कलेजी यांना त्यात स्वतंत्र पोटकोडही आहेत.

आपण ०२०६ उघडतो, बेरीज करतो आणि काम झाले असे समजतो. पण वजडी तिथे नसते. पोट आणि आतडी ०५०४ मध्ये जातात. खारवलेले किंवा धुरावलेले अवयवमांस ०२१० मध्ये, कलेजीचे तयार पदार्थ १६०२ मध्ये आणि सॉसेजमध्ये दळून घातलेले १६०१ मध्ये. चार-पाच ठिकाणी हात घातल्याशिवाय आयात पूर्ण होत नाही.

कोंबडीची अडचण याहून अवघड. गोठवलेले कोंबडीचे तुकडे आणि तिचे अवयवमांस, दोन्ही एकाच पोटकोडखाली, ०२०७.१४ मध्ये येतात. तंगडी, पंख, कलेजी आणि पेटा एकाच ओळीत. देशाने स्वतःच्या पातळीवर पुढचे आकडे जोडून फोड केली असेल, तरच कलेजी वेगळी काढता येते. मॉरिशस कोंबडीच्या मांसाच्या बाबतीत जवळजवळ स्वयंपूर्ण आहे, त्यामुळे तिथे हा घोळ आयातीत कमी होतो. कोंबडी बाहेरून आणणाऱ्या बेटावर मात्र तो मोठा असतो.

सामोआतल्या टर्कीच्या शेपट्यांचीही हीच अडचण. चरबीमुळे सामोआने २००७ मध्ये त्यांच्या आयातीवर बंदी घातली आणि जागतिक व्यापार संघटनेत जाताना ती मागे घ्यावी लागली. टर्कीचे गोठवलेले तुकडे आणि अवयवमांस हेही एकत्रच नोंदले जातात. त्या शेपट्या नेमक्या कोणत्या रकान्यात पोहोचल्या, हे तक्ता करणाऱ्याने काय धरले त्यावर ठरते.

वजनाकडेही लक्ष द्यावे. कॅरिबियन बेटांवर खारवलेली डुकराची शेपटी स्वयंपाकात रोजची आहे. खारवलेला, वाळवलेला किंवा शिजवून डबाबंद केलेला माल वजनाने ताज्या मालाइतका नसतो. बेरजेआधी त्याचे मूळ ताज्या वजनात रूपांतर करावे लागते.

एखाद्या बेटाने आयातीचे आकडे कळवलेच नाहीत तर? मग पाठवणाऱ्या देशाची वही पाहतात. ऑस्ट्रेलियाने किंवा न्यूझीलंडने त्या बेटाला किती पाठवले, तीच बेटाची आयात धरतात. याला आरसा-आकडे म्हणतात. युक्ती उपयोगी आहे, पण डिसेंबरात निघालेले जहाज जानेवारीत पोहोचले की माल एका वहीत या वर्षी आणि दुसरीत पुढच्या वर्षी दिसतो.

हे किरकोळ वाटेल, पण बेटावर ते किरकोळ राहत नाही. चाळीस फुटी थंड कंटेनरमध्ये साधारण २५ टन माल मावतो. भारताच्या लोकसंख्येत तो वाटला, तर माणशी ग्रॅमचा पन्नासावा हिस्साही येत नाही. आपल्या एक लाखाच्या बेटावर तोच कंटेनर माणशी पाव किलो होतो. सुमारे अकरा हजार वस्तीच्या तुवालूत तो माणशी दोन किलोंवर जातो. एका कंटेनरची तारीख मागेपुढे झाली, तरी तिथल्या 'आहारात' मोठा बदल दिसतो.

आपल्या काल्पनिक बेटाची आयात ३०० टन धरू.

पायरी ४ : बाहेर गेलेले वजा करा

छोटे बेट कुठून कलेजी निर्यात करणार, असे वाटते. पण बंदर मोठे असेल तर माल फक्त उतरून पुढे जातो. पोर्ट लुई असेच बंदर आहे आणि मॉरिशसमध्ये १९९२ पासून फ्रीपोर्टची, म्हणजे सीमाशुल्काच्या सवलतीत माल साठवून पुढे पाठवण्याची, व्यवस्था आहे. असा माल आयातीत धरला आणि पुनर्निर्यातीत वजा करायचा राहिला, तर मॉरिशसच्या माणसाच्या नावावर दुसऱ्याच बेटाचे जेवण चढते.

आपल्या बेटाची निर्यात २० टन.

पायरी ५ : साठ्यातला फरक पाहा

वर्षअखेर शीतगृहात सुरुवातीपेक्षा जास्त माल असेल, तर तेवढा खाल्ला गेलेला नाही. तो वजा होतो. साठा घटला असेल, तर तेवढा मिळवायचा.

इथे अधिक-उणे चिन्हांचा सापळा आहे. काही तक्त्यांत साठा वाढला की अधिक चिन्ह असते, काहींत उणे. स्पष्टीकरण न वाचता बेरीज केली, तर चूक दुप्पट होते. छोट्या देशांत शीतगृहांची मोजणी अनेकदा होतच नाही, तेव्हा हा रकाना अंदाजाचा असतो.

आपल्या बेटाचा साठा १० टनांनी वाढला.

पायरी ६ : माणसाच्या पोटात न जाणारे वेगळे काढा

अवयवमांस लवकर खराब होते. बंदरात वीज गेली, शीतवाहन बंद पडले, तर माल फेकावा लागतो. काही भाग कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात जातो, काही कारखान्यात चरबी काढायला. हे सगळे वजा.

मात्र ही वजाबाकी किरकोळ दुकानाच्या दारापाशी थांबते. घरी आणलेली वजडी साफ करताना गेलेला भाग, उरून टाकलेली भाजी, हॉटेलातले उष्टे हे इथे वजा होत नाही. म्हणून रकान्याला 'पुरवठा' म्हणतात. खरोखर खाल्लेले त्याहून कमीच असते.

आपल्या बेटावर नासाडी १५ टन आणि पाळीव प्राण्यांचे खाद्य १० टन.

आता मांडणी: १२० अधिक ३००, उणे २०, उणे १०, उणे १५, उणे १०. उरले ३६५ टन.

पायरी ७ : कितीजणांत वाटायचे ते ठरवा

३६५ टन भागिले एक लाख म्हणजे वर्षाला माणशी ३.६५ किलो, अर्थात दिवसाला १० ग्रॅम. हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे: वर्षाचे ३.६५ किलो म्हणजे रोजचे १० ग्रॅम. कोणताही दरडोई आकडा त्यावरून पटकन तपासता येतो.

पण ते एक लाख कोण? मालदीवच्या २०२२ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख १५ हजार रहिवासी मोजले गेले आणि त्यांतले सुमारे एक चतुर्थांश परदेशी होते, बहुतांश कामगार. तेही तिथेच जेवतात. नुसत्या मालदीवी नागरिकांनी भागले, तर दरडोई आकडा सुमारे एक तृतीयांशाने फुगतो.

मग पर्यटक. २०१९ मध्ये मॉरिशसला सुमारे १३ लाख ८० हजार पर्यटक आले, देशाच्या साडेबारा लाखांच्या आसपासच्या लोकसंख्येपेक्षा जास्त. म्हणून दरडोई आकडा निम्मा करावा का? नाही. पर्यटक सरासरी दहा-अकरा रात्री राहतो. पर्यटक गुणिले रात्री, भागिले ३६५ केले की वर्षभर राहणारी सुमारे ४० हजार माणसे निघतात, म्हणजे लोकसंख्येच्या तीन टक्क्यांच्या आसपास.

मालदीवमध्ये त्याच वर्षी सुमारे १७ लाख पर्यटक आले आणि सरासरी सहा-साडेसहा रात्री राहिले. हिशेब केला तर सुमारे २९-३० हजार माणसे, तिथल्या रहिवाशांच्या जवळपास सहा टक्के. एफएओच्या नव्या पद्धतीत पर्यटकांच्या खाण्याचा वेगळा रकाना आहे. जुन्या तक्त्यांत तो नव्हता.

पायरी ८ : आकडा कुठून उचलला ते तपासा

एफएओच्या अन्नताळेबंदांच्या दोन मालिका आहेत. जुनी १९६१ पासून २०१३ पर्यंतची, नवी २०१० पासून पुढची. नव्या मालिकेत पद्धतही बदलली आणि लोकसंख्येचे आकडेही. दोन्ही जोडून एकच रेघ काढली, तर जोडापाशी दिसणारी उडी ताटातली नसते, पद्धतीतली असते. २०१० ते २०१३ ही वर्षे दोन्हीकडे आहेत. ती शेजारी ठेवून फरक किती ते आधी पाहावे.

मग गोळाबेरीज. एकूण पुरवठा हजार टनांत पूर्णांकी छापला असेल, तर आपल्या बेटाचे ३६५ टन तिथे शून्य दिसतात. ५०० ते १,४९९ टनांपर्यंत काहीही असले तरी '१' दिसते, म्हणजे एक लाख लोकांत माणशी ५ किलोही असतील किंवा १५ किलोही. छोट्या देशाचा दरडोई आकडा अशा एकूण आकड्यावरून स्वतः काढू नये. तक्त्यातला दरडोई रकानाच घ्यावा.

प्रत्येक आकड्याशेजारचे खुणेचे अक्षरही वाचावे. देशाने कळवलेला आकडा कोणता आणि अंदाजाने भरलेला कोणता, हे ते अक्षर सांगते. सलग काही वर्षे आकडा जराही हलत नसेल, तर खाण्यात सातत्य आहे असे न मानता अंदाज पुढे ओढला आहे का, ते पाहावे.

पायरी ९ : सरासरीचा अर्थ बेताने लावा

दिवसाला १० ग्रॅम म्हणजे प्रत्येकाच्या ताटात रोज एक तुकडा, असे नाही. मॉरिशसच्या २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येच्या जवळपास निम्मे हिंदू, सुमारे एक तृतीयांश ख्रिस्ती आणि सुमारे १७ टक्के मुस्लिम होते. कुणी गाय खात नाही, कुणी डुक्कर, कुणी मांसच नाही. एका घरी महिन्यातून दोनदा कलेजी होते, शेजारच्या घरी कधीच नाही. सरासरी या दोन्ही घरांना सारखेच वाटून टाकते.

पोषणाचा निष्कर्षही जपून काढावा. कलेजीत लोह, जीवनसत्त्व अ आणि बी-१२ भरपूर असते, वजडीत तसे नाही. रकान्यात दोन्ही किलोंनीच मोजली जातात. पुरवठा वाढला म्हणून रक्तक्षय घटेल, असे यावरून म्हणता येत नाही. त्यासाठी घरोघरच्या आहार-पाहण्या लागतात.

म्हणून असा आकडा कुठे वापरायचा झाला, तर आपण सोबत पाच गोष्टी लिहाव्यात: वर्ष, कोणती मालिका, मुख्य बेट की पूर्ण देश, कोणती लोकसंख्या, आणि कोंबडीची कलेजी धरली आहे की नाही. एका वर्षाऐवजी तीन वर्षांची सरासरी घेतली तर उत्तम. मागेपुढे झालेला कंटेनर तिच्यात बराचसा जिरून जातो. आणि वाक्यात 'खातात' न लिहिता 'उपलब्ध होते' लिहावे, कारण या तक्त्याने मोजलेले तेवढेच असते.